स्वतःला इजा करून घेणारी मुले : ओळख आणि आपले कर्तव्य

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तो इतिहासावर. ‘वसतिगृह चळवळ आणि बहुजन समाजाचे शिक्षण’ हा विषयही त्यांनीच सुचविला होता. इतिहास विषयात एम.ए. करून सत्तावीस वर्षे तोच विषय शिकविणाऱ्यास हा लेख अवघड नव्हता. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०८ साली सुरू झालेले मिस क्लार्क वसतिगृह, कर्मवीर भाऊराव पाटलांचे साताऱ्यातील १९२४ चे वसतिगृह, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात काढलेले वसतिगृह, अशी ती मालिका आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहे. या वसतिगृहांनी आपल्या आजोबा-पणजोबांना भाकरी दिली, अंथरूण दिले, दिव्याचा उजेड दिला. आपले निवासी विद्यालय त्याच परंपरेतले आहे. परंतु लेख लिहावयास बसलो आणि मन दुसरीकडेच गेले. भाकरी, अंथरूण आणि उजेड मिळूनही ज्या मुलांच्या आत अंधार असतो, त्यांच्याविषयी आपण कधी लिहिले नाही. म्हणून संपादकांची क्षमा मागून विषय बदलला आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च संपत आला होता, वर्गातले पंखे नुसता गरम वारा फिरवीत होते, आणि नववीतली एक मुलगी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसत असे. आम्ही एकदोनदा हटकले. “थंडी वाजते, सर,” ती म्हणाली. आम्ही हसलो. वर्गही हसला. पुढे काही दिवसांनी तिच्या हातावर जखमा असल्याचे अधीक्षिकाबाईंच्या लक्षात आले. काही ताज्या होत्या, काही भरून आलेल्या. त्या तिने स्वतःच करून घेतल्या होत्या.

त्यानंतर आम्ही जे केले ते आज सांगताना संकोच वाटतो, पण सांगितल्यावाचून या लेखास अर्थ नाही. तिला कार्यालयात बोलावले. समोर आम्ही चार मोठी माणसे. बाबासाहेबांनी किती हालअपेष्टा सोसून शिक्षण घेतले हे आम्ही तिला सविस्तर सांगितले, आणि तुला येथे काय कमी आहे, असे विचारले. भिंतीवरील तसबिरीसमोर उभे करून ‘पुन्हा असे करणार नाही’ अशी शपथ घ्यावयास लावली. आईवडील ऊसतोडीला गेले होते. मुकादमाच्या फोनवर निरोप धाडला. वडील दोन दिवसांची मजुरी बुडवून आले आणि शाळेच्या आवारातच, सर्वांदेखत, तिच्यावर ओरडले. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्गशिक्षक म्हणून सही आमचीच आहे. त्या संपूर्ण प्रकरणात ‘तुला काय होतंय, बाळा’ हा एक प्रश्न कोणीही विचारला नव्हता.

मानसशास्त्राचे आम्ही विद्यार्थी नव्हे. त्या प्रसंगानंतर जे वाचले, तज्ज्ञांना जे विचारले आणि पुढील वर्षांत जे पाहिले, त्याच्या आधारे हे लिहीत आहोत.

स्वतःच्या शरीरास हेतुपुरस्सर इजा करणे, परंतु त्यामागे मरण्याचा उद्देश नसणे, या वर्तनास मानसोपचारात स्वतंत्र स्थान आहे. आपण त्यास ‘स्व-इजा’ म्हणू. ‘आत्मक्लेश’ हा जुना शब्द आम्ही मुद्दाम टाळतो, कारण त्याला आपल्या भाषेत पावित्र्याचा वास चिकटला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहात नाही. अंगावर आसूड ओढून दारोदार पैसा मागणारा पोतराज आमच्या पिढीने लहानपणी पाहिला आहे. त्याच्या वेदनेला देवीचे नाव होते आणि ती वेदना दलित जातींच्या माथी मारलेली होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्त्यांनी असल्या प्रथा टाकल्या. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आर्मांडो फावाझ्झा यांनी १९८७ साली या विषयावर जो ग्रंथ लिहिला, त्यात समाजमान्य विधींतील देहपीडा आणि एकट्या माणसाने दुःखापोटी केलेली इजा यांत त्यांनी भेद केला आहे. पोतराज चौकात आसूड ओढीत असे. आपले मूल दार लावून घेते. त्याला प्रेक्षक नको असतो, आणि ‘लक्ष वेधून घेण्यासाठी करतात’ हा सर्वांत रुळलेला समज येथेच कोसळतो. जे मूल भर उन्हात बाह्या ओढून घेते, ते लक्ष वेधीत नाही, लपत असते. आणि समजा एखाद्याने खरोखरच लक्ष जावे म्हणून केले, तरी ज्या मुलाला लक्ष मिळविण्यासाठी स्वतःला दुखवावे लागते त्याच्याकडे लक्ष देऊ नये, हा कोणता न्याय?

मग मूल असे का करते? ज्यांनी हे भोगले आहे त्यांच्या सांगण्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. मनात भावनांचा असा लोंढा येतो की तो सहन होत नाही, आणि शरीराची वेदना काही क्षण त्यावर मात करते. काहींच्या बाबतीत उलटे असते : आत सारे बधिर, काहीच वाटत नाही, आणि वेदना झाली म्हणजे आपण जिवंत आहोत एवढे तरी कळते. काही मुले स्वतःला शिक्षा करीत असतात, कारण आपण वाईट आहोत, नालायक आहोत, घराला भार आहोत असे त्यांनी मनोमन ठरविलेले असते. या कृतीने थोडा वेळ सुटका मिळते. मागून शरम येते. शरमेने मन आणखी जड होते आणि तेच चक्र पुन्हा फिरू लागते. म्हणूनच शरम वाढविणारा आपला प्रत्येक शब्द त्या चक्राला गती देतो. आम्ही कार्यालयात नेमके तेच केले होते.

याची सुरुवात बहुतेक बारा ते चौदा या वयात होते. या वयात भावना उसळविणारे मेंदूचे भाग जोरात असतात, आणि त्यांना आवर घालणारा, पुढचा विचार करणारा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो. सहावी-सातवीत पोर आमच्याकडे दाखल होते, आणि घर सुटण्याचे वय तेच.

निवासी शाळेतील मुलांची दुःखे वेगळी सांगावी लागतील. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन बाहेर पडतात ते उन्हाळ्यातच परततात. रविवारी फोन लागला तर लागला. घरी कोणाचे दारूचे व्यसन, कोणाच्या आईचे दुसरे लग्न, कोणाच्या बहिणीचे लहान वयात लावून दिलेले लग्न. वसतिगृहात थोरल्या मुलांची दादागिरी असते, हे आपण मान्य करावयास हवे. लैंगिक छळ हे एक कारण असू शकते. ते घरातले असेल, प्रवासातले असेल किंवा आपल्याच छताखालचे. तालुक्याच्या स्पर्धेला गेल्यावर आडनाव विचारून बदललेला स्वर हेही कारण असते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, तेव्हा आपला समाज रस्त्यावर उतरला. ते आवश्यकच होते. पण जिवंत मुलाच्या मूक काळात त्याच्या शेजारी बसण्याची सवय आपल्या चळवळीला अजून लागलेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक कारण आहे, ते आपल्याच कौतुकातून जन्मते. ‘बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत’ हे वाक्य आम्ही प्रत्येक वर्गात उच्चारले आहे. त्याने शेकडो मुले उभी राहिली, यात शंका नाही. परंतु घराण्यातला पहिला दहावी, वस्तीतला पहिला डॉक्टर, सगळ्या समाजाचे ऋण फेडणारा, असे ओझे चौदा वर्षांच्या खांद्यावर ठेवल्यावर चाचणीत पस्तीस गुण मिळालेल्या मुलाला वाटते की आपण आईबापालाच नव्हे, बाबासाहेबांनाही फसविले. तो हे कोणाला सांगणार? बाबासाहेबांच्या नावाने धीर द्यावा. त्या नावाने मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

ओळखावे कसे, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये, पण खुणा एकत्र दिसू लागल्या तर थांबून पाहावे. वारंवार होणाऱ्या जखमा, चट्टे किंवा भाजल्याचे डाग, आणि त्यांची न पटणारी कारणे. उकाड्यातही अंग झाकून राहणे. खेळाच्या तासाला किंवा पोहण्याला एकाएकी नकार. न्हाणीघरात नेहमीपेक्षा फार वेळ, आणि बाहेर आल्यावर कोणाशी नजर न मिळविणे. मलमपट्टीचे साहित्य मागणे. झोप आणि जेवण बिघडणे, जिवलग मैत्रिणीशी बोलणे तुटणे, ‘मी नसते तर बरे झाले असते’ अशी वाक्ये वहीच्या मागच्या पानावर. मुली रडतात म्हणून त्यांच्याकडे लक्ष जाते. मुलांच्या बाबतीत आपण हमखास चुकतो. भिंतीवर मूठ आपटून सुजविलेल्या हाताला आपण ‘रागीट आहे’ म्हणून सोडून देतो.

सर्वांत आधी पाहणारे माणूस बहुधा शिक्षक नसतेच. चार वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाविषयी प्रथम सांगितले ते स्वयंपाकघरातल्या मावशींनी. “सर, ते पोरगं आठ दिस झालं डाव्या हातानं ताट धरतंय, अन् भाकर अर्धी टाकून उठतंय,” एवढेच त्या म्हणाल्या. यावेळी आम्ही कार्यालयात बोलावले नाही. संध्याकाळी बागेला पाणी घालताना त्याला बरोबर घेतले. बराच वेळ पाण्याविषयीच बोललो. मग म्हणालो, “हाताला लागलंय ना? रागावणार नाही. दुखतंय का ते सांग.” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला आपण होऊन आला. तिसऱ्या दिवशी आजीचे सांगितले. त्याला सांभाळणारी आजी दिवाळीनंतर वारली होती, आणि परीक्षा बुडू नये म्हणून ते त्याला पंधरा दिवसांनी कळविले होते. मुलाला शेवटचे तोंड पाहू दिले नाही, हा निर्णय घरच्यांनी आमच्याशी बोलूनच घेतला होता.

असे मूल समोर आले तर काय करावे, याविषयी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. प्रथम जखम पाहावी, स्वच्छ करावी, आवश्यक तर दवाखान्यात न्यावे, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे. हे करताना चेहरा शांत ठेवावा. आपला धसका मुलाला शिक्षेसारखा वाटतो. एकांतात, एकाच विश्वासाच्या माणसाने बोलावे. बोलण्यापेक्षा ऐकणे अधिक. ‘का केलेस’ याचे उत्तर मुलालाही ठाऊक नसते. ‘त्यावेळी कसे वाटत होते’ हे तो सांगू शकतो. शपथ घेऊ नये. शपथ मोडली की मूल अधिक खोल लपते. खोलीची झडती, सर्वांसमोर बाह्या वर करावयास लावणे, प्रार्थनेच्या वेळी नाव न घेता उपदेश करणे, हे तर मुळीच नको. एकत्र राहणाऱ्या मुलांत हे वर्तन एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, म्हणून त्याची जाहीर चर्चा, जखमांची वर्णने आणि कुजबुज यांना आवर घालावा. ज्या मैत्रिणीने येऊन सांगितले तिला मात्र चहाडखोर न म्हणता शाबासकी द्यावी.

‘मरावेसे वाटते का?’ हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही भीती निराधार असल्याचे संशोधक सांगतात. बहुतेक मुलांना कोणीतरी विचारले याचाच दिलासा वाटतो. स्व-इजा आणि आत्महत्येचा प्रयत्न या दोन गोष्टी एक नव्हेत. तरीही स्व-इजा करणाऱ्या मुलांत पुढे तो धोका इतरांपेक्षा अधिक असतो, म्हणून ‘नुसतेच ओरखडे आहेत’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. उत्तर ‘हो’ आले, किंवा जखम गंभीर असली, तर मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ आहे. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाची केंद्रे आहेत, हे आमच्या निम्म्या पालकांना माहीत नाही.

‘कोणाला सांगू नका, सर’ असे मूल म्हणते. तेथे खोटे वचन देऊ नये. ज्यांना सांगणे तुझ्या सुरक्षेसाठी आवश्यक आहे त्यांनाच सांगू, आणि सांगण्यापूर्वी तुला सांगू, असे म्हणावे. लैंगिक छळाचे प्रकरण असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळविणे बंधनकारक आहे; संस्थेची अब्रू हा त्यात मुद्दाच येत नाही. पालकांना पोलीस केसची भीती असते. ती आता बाळगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला तो तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याच्यावर खटला चालविला जात नाही. जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत उरलेले नाही.

आपण बौद्ध आहोत, म्हणून दोन शब्द. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे देह झिजविला, हाडांचा सापळा झाला, आणि मग देहदंडाने दुःख संपत नाही हे जाणून त्याने सुजाताने दिलेली खीर घेतली. सारनाथच्या पहिल्या प्रवचनातच देहपीडेचा मार्ग त्याज्य ठरविला आहे. ही कथा मुलांना सांगावी, परंतु जखमी मुलाला बसवून सांगू नये. तो त्यातून आपण धम्माविरुद्ध वागलो एवढेच ऐकेल. मोठ्यांनी आठवावी ती विनयपिटकातली दुसरी कथा. अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्षूला इतरांनी टाकून दिले होते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले. त्यानंतर संघाला विचारले की याची सेवा का केली नाही. उपदेश झाला तो आजाऱ्याला नव्हे, न पाहणाऱ्यांना.

ध्यानाविषयीही आमच्याकडे विचारणा होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी अशा रुग्णांसाठी जी उपचारपद्धती घडविली, तिच्यात झेन साधनेतून घेतलेली सजगता हा एक आधार आहे. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करीत होतो आणि रुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. आनापान आपल्या शाळेत रोज होते, त्याचा लाभ आहेच. पण तीव्र यातनेत असलेल्या मुलाला ‘दहा दिवस शिबिराला पाठवा, सुधारेल’ असा सल्ला काही वडीलधारे देतात, तो आम्हांस मान्य नाही. आधी डॉक्टर, समुपदेशक. ध्यान त्यांच्या सल्ल्याने.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात शाळकरी मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून झालेला एक अभ्यास २०१२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. किशोरवयात सुमारे आठ टक्के मुलांनी स्व-इजा केल्याचे त्यात आढळले, आणि त्यांपैकी दहातल्या नऊ जणांचे ते वर्तन तारुण्यात येईपर्यंत थांबले होते. अर्थात वर्तन थांबले म्हणजे मूळचे दुःख गेले असे नव्हे.

आठवीतला तो मुलगा गेल्या वर्षी दहावी झाला. स्वेटर घालणाऱ्या मुलीचा पत्ता आम्ही शोधला. कुटुंब गाव सोडून गेले होते. ही स्मरणिका फिरत फिरत कधी तिच्या हाती पडली, तर तिने हे वाचावे : बाई, चूक तुझी नव्हती. आम्ही हसलो, ती आमची होती.

आता वसतिगृहात रविवारखेरीज बुधवारीही घरी फोन लावून दिला जातो. घरातील मृत्यूची बातमी मुलापासून लपवायची नाही, असा ठराव पालकसभेत झाला आहे. १४४१६ हा क्रमांक भोजनगृहाच्या भिंतीवर रंगविला आहे. स्वयंपाकघरातल्या मावशी, पहारेकरी दादा आणि गाडीचे चालक यांनाही शिक्षकांबरोबर प्रशिक्षणास बसविले जाते. आपली दोन माजी विद्यार्थिनी, एक परिचारिका व एक एम.एस.डब्ल्यू., महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येऊन मुलींशी बोलतात. मुलांशी बोलण्यासाठी असे कोणी अद्याप मिळालेले नाही. प्रशिक्षित समुपदेशक असलेल्या, महिन्यातून एक दिवस देऊ शकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावे.